कापण्यास पैसा आहे, तपासण्यास नाही!

दुर्ग-भिलाई या जोडशहरातील पद्मनाभपुर वस्तीत भाड्याच्या खोलीत राहणारा एखादा कंत्राटी कामगार डोळ्यांसमोर आणावा. सहा महिन्यांपासून त्याच्या पोटात उजव्या बाजूस, खालच्या अंगाला कळ येते. चार दिवस जुलाब, मग चार दिवस बद्धकोष्ठ. संध्याकाळी अंगात कणकण, आणि कमरेचा पट्टा दोन भोके आत गेलेला. पाळी बुडाली की रोजी बुडते; म्हणून तो औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी घेतो आणि कामावर जातो. दुखणे वाढले की दवाखाना. तेथे एक इंजेक्शन, एक सलाईन, जंताची गोळी, आमांशाची गोळी. पुढच्या खेपेस विषमज्वराची शंका आणि त्यासाठी रक्ताची एक चाचणी, जी एकदाच केली तर बहुधा दिशाभूलच करते. कोणी सांगते अपेंडिक्स, कोणी सांगते गॅस, आणि सगळे थकले की कोणी सांगते, मनाला लावून घेऊ नकोस.

या कामगाराच्या खिशात पाच लाख रुपयांचे कार्ड आहे. त्या कार्डावर त्याचे पोट फाडता येते. त्या पोटात काय बिघडले आहे हे पाहण्यासाठी मात्र ते कार्ड चालत नाही.

राज्यकर्त्या वर्गाचे प्रचारक या कार्डाला आरोग्याचा अधिकार म्हणतात. हा दावा तपासून पाहणे अवघड नाही. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा आरंभ २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे झाला. दर कुटुंबास दर वर्षी पाच लाख रुपयांपर्यंतचा खर्च ती उचलते. परंतु हा खर्च रुग्णालयात भरती झाल्यानंतरचा आहे. भरतीपूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढ्याच मुदतीतील तपासण्या व औषधे त्यात धरली जातात. बाह्यरुग्ण विभागात बसून, एकामागून एक चाचण्या करून रोग ओळखण्याच्या कामास तेथे जागाच ठेवलेली नाही. ज्या रुग्णाचे हाड मोडले आहे त्याला तीन दिवस पुरतात. आतड्याचा जुनाट दाह तीन दिवसांत ओळखू येत नाही. त्यास आठवडे लागतात, कित्येकदा महिने लागतात. तेव्हा असल्या रोग्यापुढे दोनच वाटा उरतात. स्वतःच्या खिशातून तपासण्या करणे, नाहीतर निदानावाचून एखाद्या ‘पॅकेज’मध्ये बसेल अशा शस्त्रक्रियेसाठी खाटेवर जाऊन पडणे.

ही रचना एका पक्षाच्या सरकारची निर्मिती नाही. २००८ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना याच साच्यातली होती. मर्यादा तेव्हा ३०,००० रुपयांची होती आणि कार्डाला ‘स्मार्ट’ हे विशेषण होते, एवढाच फरक. तेव्हा राज्यकर्ते वेगळे होते. वर्ग तोच होता. त्या कार्डाने छत्तीसगडात काय केले हे २०१२ साली सबंध देशाने पाहिले. अंगावरून पाणी जाते, कंबर धरते, ओटीपोटात दुखते अशा तक्रारी घेऊन गेलेल्या खेड्यापाड्यांतील स्त्रियांना कर्करोगाचा धाक घालून खाजगी शुश्रूषागृहांनी त्यांची गर्भाशये काढली आणि पैसे कार्डावर वसूल केले. बोभाटा झाल्यावर राज्य शासनास काही डॉक्टरांचे परवाने स्थगित करणे भाग पडले. बिहार, छत्तीसगड व राजस्थान येथील असल्या शस्त्रक्रियांबाबत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात लोकहित याचिका दाखल झाली. तिचा निकाल लागण्यास ५ एप्रिल २०२३ उजाडले. केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत अंगीकारावीत, असा तो आदेश होता. काढलेली गर्भाशये परत मिळत नाहीत, हे निराळे सांगावयास नको.

महाराष्ट्रातील वाचकांना बीडचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. तेथे मुकादमाची उचल आणि खाड्याचा दंड होता; छत्तीसगडात विम्याचे कार्ड होते. साधने निरनिराळी, पण मध्यभागी एकच गोष्ट आहे. बाई म्हणते, पोट दुखते. ओटीपोटात गर्भाशय आहे, मूत्राशय आहे आणि आतडेही आहे. यांपैकी कोण दुखते आहे हा प्रश्न विचारण्यास कोणी पैसा देत नाही. उत्तर गृहीत धरून कापण्यास मात्र पैसा मिळतो. जेथे मोबदला कापण्याला आहे तेथे सुरी धावते आणि सूक्ष्मदर्शक धूळ खात पडतो. याला डॉक्टरांच्या वैयक्तिक नीतिमत्तेचा प्रश्न म्हणून सोडून देणे म्हणजे व्यवस्थेला मोकळे सोडणे होय.

आपल्यातीलच एक चुकीची समजूत

येथे एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. चळवळीतील पुष्कळ कार्यकर्त्यांचे मत असे आहे की तपासण्या म्हणजे निव्वळ लूट. डॉक्टर आणि प्रयोगशाळा यांची टक्केवारी. गरिबाने त्या फंदात पडू नये. या मताच्या मुळाशी अनुभव आहे, हे मान्य. शहरातील वर्तमानपत्रे ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या जाहिरातींनी भरलेली असतात; धडधाकट माणसाला साठ-सत्तर आकड्यांचा कागद देऊन भयभीत करण्याचा तो धंदा आहे. परंतु त्यावरून ‘चाचण्या नकोत’ असा निष्कर्ष काढणारा कॉम्रेड नकळत मालकाच्याच बाजूस जाऊन उभा राहतो. ज्याला काहीही झालेले नाही त्याच्यावर चाचण्यांचा वर्षाव, आणि ज्याचे आतडे आतून सोलले जात आहे त्याला एक साधी शौचतपासणीसुद्धा नाही, ही एकाच बाजाराची दोन तोंडे आहेत. बाजार गरज पाहत नाही, ऐपत पाहतो. एंगेल्सने १८४५ च्या ग्रंथात मँचेस्टरच्या कामगारांविषयी हेच नोंदवले आहे: डॉक्टर परवडत नाही म्हणून ते भोंदूंकडे जातात आणि पेटंट औषधांच्या बाटल्या रिचवून स्वतःचे नुकसान करून घेतात. बाटलीच्या जागी आज इंजेक्शन आहे.

म्हणून कार्यकर्त्याने या चाचण्या समजून घेतल्या पाहिजेत. डॉक्टर होण्यासाठी नव्हे. कोणती चाचणी काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे माहीत नसलेला माणूस मागणीही नीट करू शकत नाही.

पहिली तपासणी फुकट असते, आणि तीच सर्वांत कमी केली जाते. ती म्हणजे प्रश्न विचारणे. वजन उतरले आहे काय? शौचावाटे रक्त पडते काय? दुखण्याने रात्री झोपेतून जाग येते काय? ताप येतो काय? दुखणे पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झाले काय? घरात कोणास आतड्याचा रोग अथवा क्षय आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर ‘गॅस’ म्हणून त्या रोग्याची बोळवण करता येत नाही. आणि आणखी एक प्रश्न: काम कोणते करता? इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात हा प्रश्न विचारण्याची सूचना केली होती. सव्वातीनशे वर्षांनंतरही केसपेपरावर त्याला रकाना नाही. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या किंवा शिशाचा रंग खरवडणाऱ्या मजुराच्या पोटातील मुरडा हा शिशाच्या विषबाधेचा असू शकतो. तेथे आतड्याची दुर्बीण निरुपयोगी आहे; रक्तातील शिसे मोजावे लागते.

त्यानंतर रक्त. साधी रक्तगणना पंडुरोग दाखवते, पांढऱ्या पेशी दाखवते. दाह जुना असेल तर बिंबाणूंची संख्या वाढलेली दिसते. ई.एस.आर. आणि सी.आर.पी. या दोन चाचण्या शरीरात कोठेतरी दाह आहे एवढे सांगतात. कोठे, ते सांगत नाहीत. ई.एस.आर. तर नुसत्या रक्तक्षयानेही वाढतो, आणि आपल्या कष्टकरी स्त्रियांपैकी किती जणींना रक्तक्षय नाही? उलट सी.आर.पी. व्यवस्थित आला म्हणून आतडे निरोगी, असेही मानता येत नाही. आतड्याचा दाह चालू असूनही काही रोग्यांत तो वाढत नाही. रक्तातील अल्ब्युमिन घटलेले असेल तर रोग बराच काळ शरीर पोखरत आहे असे समजावे. थायरॉइडची चाचणी करावी, कारण थायरॉइड बिघडले तरी शौचाचा क्रम बिघडतो.

छत्तीसगडात आणखी एका चाचणीवाचून पोटदुखीचा विचार पुरा होऊ नये. ती सिकलसेलची. या प्रदेशात हा आनुवंशिक रोग फार पसरलेला आहे, आणि विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींनी सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबल्या की पोटात असह्य कळा येतात. त्या कळांना अपेंडिक्स समजून रोग्याला टेबलावर घेण्याचा धोका खरा आहे. पहिली चाळणी अगदी स्वस्त आहे. विद्राव्यता चाचणीला दमडीच्या मानाने खर्च येतो आणि ती सकारात्मक आली तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. करून खात्री करावी लागते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून केंद्राने सिकलसेल निर्मूलनाच्या मोहिमेची घोषणा केली. चांगले झाले. पोटदुखीसाठी येणाऱ्या प्रत्येक तरुण रोग्याची ही चाचणी होते की नाही, हे दुर्ग जिल्ह्यातील कॉम्रेडांनी बाह्यरुग्ण विभागात उभे राहून पाहावे.

गव्हाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा सीलिॲक रोग ओळखण्यासाठीही रक्ताची चाचणी आहे. तिच्यात एक खोच आहे. रोगी गहू खात असेल तरच ती खरे बोलते. कोणी सांगितले म्हणून पोळी सोडली आणि महिन्याभराने चाचणी केली तर ती खोटा दिलासा देऊ शकते. भातावर जगणाऱ्या प्रदेशात हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे.

मग शौचाची तपासणी. लोक लाजतात, प्रयोगशाळेतील कर्मचारी नाक मुरडतात, आणि नमुना दोन-दोन तास पडून राहतो. आमांशाचा जिवंत जंतू ताज्या नमुन्यातच हालचाल करताना दिसतो. शिळ्या नमुन्याचा ‘काही आढळले नाही’ हा अहवाल कागदाच्या किमतीचाही नसतो. अदृश्य रक्ताची चाचणी डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव दाखवते. आणि गेल्या काही दशकांत हाती आलेली महत्त्वाची चाचणी म्हणजे कॅल्प्रोटेक्टिन. आतड्याच्या अस्तरास दाह झाला की पांढऱ्या पेशी तेथे धावतात आणि त्यांच्यातील हे प्रथिन शौचात उतरते. दर ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर आतड्यात मोठा दाह असण्याची शक्यता फार थोडी. २५० च्या वर गेले तर दुर्बिणीची तपासणी टाळता कामा नये. मधल्या आकड्याला काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. मात्र हा आकडा दाहाचे कारण सांगत नाही. जंतुसंसर्गानेही तो वाढतो, क्षयानेही वाढतो, आणि पाळी चुकू नये म्हणून रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळीनेही वाढतो. म्हणजे गोळी घेत असल्याचे सांगितले नाही तर अर्थ लावणाऱ्याची फसगत होणार. या एका चाचणीने कित्येकांची कोलोनोस्कोपी वाचते आणि कित्येकांची वेळेवर होते. परंतु खाजगी प्रयोगशाळेत तिला कंत्राटी कामगाराची कित्येक दिवसांची रोजी मोजावी लागते.

या सर्व चाचण्या निर्दोष आल्या, धोक्याचे एकही लक्षण नाही आणि दुखणे मात्र आहे, असे रोगी पुष्कळ असतात. त्यांच्या आतड्याच्या रचनेत नव्हे, त्याच्या हालचालीत आणि संवेदनेत बिघाड असतो. हा खरा आजार आहे. रात्रपाळी आणि दिवसपाळीच्या अदलाबदलीने, अवेळी खाण्याने, नोकरीच्या टांगत्या तलवारीने तो वाढतो. त्यास ‘मनाचे खेळ’ म्हणून हिणवण्याचा अधिकार कोणास नाही. पण हे नाव देण्यापूर्वी वरील थोड्या तपासण्या झाल्या पाहिजेत; तपासणी न करता दिलेले ते नाव म्हणजे निदान नव्हे, कटवणे आहे. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रीला अशी लक्षणे नव्याने दिसू लागली तर अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता आधी दूर केली पाहिजे, हेही येथेच सांगितलेले बरे.

क्षय की क्रोन?

आता पद्मनाभपुरच्या त्या कामगाराकडे परत येऊ. उजवीकडे खाली कळ, ताप, वजनात घट. सोनोग्राफीत लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची भिंत जाड दिसली, आसपास गाठी दिसल्या. हे चित्र दोन रोगांत जवळजवळ सारखे असते: आतड्याचा क्षय आणि क्रोनचा रोग. १९१३ साली ग्लासगोच्या डॅलझेल या शल्यविशारदाने आणि १९३२ साली न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर या तिघांनी या दुसऱ्या रोगाचे वर्णन केले, तेव्हा त्यांनाही तो क्षयापासून वेगळा काढूनच मांडावा लागला होता. युरोप-अमेरिकेत आता क्षय विरळा, म्हणून तेथील डॉक्टरापुढे हा पेच क्वचित उभा राहतो. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. येथे तो रोजचा पेच आहे.

आणि येथे चूक झाली तर ती साधी चूक नसते. क्षय असलेल्या माणसाला क्रोन समजून स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली, तर क्षयाचे जंतू शरीरभर पसरतात आणि माणूस दगावू शकतो. क्रोन असलेल्याला क्षयाची औषधे देत राहिले, तर त्या काळात आतडे चिवट होऊन अरुंद होते आणि शेवटी कापावे लागते.

हे दोन रोग वेगळे कसे करावेत? रक्तातून नाही. क्षयाच्या प्रतिपिंडांच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या रक्तचाचण्या इतक्या बेभरवशाच्या ठरल्या की जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नयेत असे सांगितले आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली; तोवर खाजगी बाजाराने त्यांवर भरपूर कमाई करून घेतली होती. हातावर टोचण्याची मॅन्टू चाचणी किंवा रक्ताची इग्रा चाचणी शरीरात कधीतरी जंतू शिरला होता एवढेच सांगते, आणि आपल्या देशात तो असंख्य निरोगी माणसांतही सुप्त असतो. म्हणून कोलोनोस्कोपी करून, दुर्बीण लहान आतड्याच्या टोकापर्यंत नेऊन, तेथील व्रण पाहणे आणि त्यांचे अनेक तुकडे घेणे हाच मार्ग उरतो. आडवे व्रण आणि सताड उघडी राहिलेली झडप असेल तर पारडे क्षयाकडे झुकते; उभे लांबट व्रण आणि मध्ये मध्ये निरोगी भाग असेल तर क्रोनकडे. तुकड्यांपैकी काही विकृतितज्ज्ञाकडे, काही जंतू वाढवण्यासाठी, काही रेणवीय चाचणीसाठी गेले पाहिजेत. क्षयाची खूण मानली जाणारी विशिष्ट गाठ थोड्याच रोग्यांच्या तुकड्यांत सापडते. रेणवीय चाचणी सकारात्मक आली तर जवळजवळ खात्री. नकारात्मक आली तर क्षय नाही असे म्हणता येत नाही, कारण आतड्यातील तुकड्यात जंतू फार थोडे असतात. पोटाचा सी.टी. लहान आतड्याचा जो भाग दुर्बिणीला दिसत नाही तो दाखवतो; एम.आर. हेच काम किरणोत्सर्गाशिवाय करतो, पण त्याचे यंत्र आणि ते वाचणारा तज्ज्ञ मोठ्या शहरातच.

एवढे करूनही संशय राहिला तर क्षयाची औषधे सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले काय ते पाहतात. यातील ‘पुन्हा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बरे वाटणे पुरेसे नाही. क्रोनच्या रोग्यालाही या औषधांवर काही काळ बरे वाटते, व्रण मात्र तसेच राहतात. दुसरी दुर्बीण परवडली नाही म्हणून कोणी केली नाही, तर सहा महिन्यांचा औषधोपचार आंधळेपणाने पार पडतो. आणि दुसऱ्या दुर्बिणीचा खर्च भरतीच्या पॅकेजात बसत नाही.

रेणवीय चाचणीच्या किमतीची कथा तर मक्तेदारी भांडवलाच्या पाठ्यपुस्तकात शोभेल अशी आहे. जीनएक्सपर्ट हे यंत्र अमेरिकेच्या सेफिड कंपनीचे. ती डॅनाहर या महाकंपनीच्या मालकीची. तंत्रज्ञान उभे करण्यात २५ कोटी डॉलरहून अधिक सार्वजनिक पैसा ओतलेला. २०१२ मध्ये गरीब देशांसाठी एका क्षय-काडतुसाची किंमत ९.९८ डॉलर ठरली आणि अकरा वर्षे ती तशीच राहिली. उत्पादनखर्च पाच डॉलरच्या आत आहे असे ‘सीमाविरहित डॉक्टर’ या संघटनेने दाखवून देऊन जगभर मोहीम चालवल्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये ती ७.९७ डॉलरवर आली. दोन डॉलरसाठी अकरा वर्षे! दरम्यान गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे लहानसे, बॅटरीवर चालणारे यंत्र भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या कसोट्यांतून पार पडून २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीस पात्र ठरले. मोलबायोही खाजगीच आहे, तेव्हा हुरळून जाण्याचे कारण नाही. परंतु ‘हे आपल्याकडे शक्यच नाही’ हा बहाणा तरी त्याने मोडीत काढला.

नाव मिळाले की हक्क मिळतो

निदानाचा संबंध केवळ औषधाशी नाही. तो वेतनाशीही आहे. कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने निर्माण झाली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. तिच्यात भरती होण्याची अट नाही. बाह्यरुग्ण उपचार, तपासण्या, औषधे, आणि आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रोख. दीर्घ आजारांची एक यादी आहे. त्या यादीत क्षयरोग आहे. यादीतील रोग सिद्ध झाला तर ८० टक्के दराने लाभ मिळतो आणि तो दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. म्हणजे कागदावर ‘पोटदुखी’ लिहिलेला कामगार तीन महिन्यांत उघड्यावर पडतो, आणि ‘आतड्याचा क्षय’ लिहिलेला कामगार बरा होईपर्यंत घर चालवू शकतो. बायोप्सीच्या एका तुकड्यावर इतके अवलंबून आहे.

पण या लाभासाठी सलग दोन वर्षांच्या विमाधारक नोकरीची अट आहे. ठेकेदार दर वर्षी बदलतो, कामगार तोच राहतो, नोंद मात्र तुटते. कित्येक ठिकाणी नोंदच नसते. आणि केंद्र सरकारने जुलै २०१९ पासून काय केले? मालकाची वर्गणी वेतनाच्या ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ टक्क्यांवर आणली. कामगाराचीही पाऊण टक्क्यावर आणली, ती दाखवण्यापुरती गोड बाजू. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तर १९४८ चा कायदाच पोटात घातला. ज्या योजनेत तपासणी आहे तिचा निधी आटवायचा आणि ज्या योजनेत तपासणी नाही तिचे फलक रस्तोरस्ती लावायचे, हे धोरण डोळ्यांआड करता येणार नाही.

भिलाईच्या भूमीला या प्रश्नाचा इतिहास आहे. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पेटली. कायम कामगारांसाठी कारखान्याचे मोठे रुग्णालय झाले. त्याच भट्टीला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या कंत्राटी खाणमजुरांना त्या सुखसोयींत वाटा नव्हता. २ व ३ जून १९७७ च्या पोलिसी गोळीबारात तेथे अकरा जण हुतात्मे झाले. हे मजूर त्या वर्षी प्रस्थापित संघटना सोडून बाहेर पडले होते, आणि सोडलेल्यांत लाल बावट्याची संघटनाही होती, ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी स्वतःच्या वर्गणीतून ३ जून १९८३ रोजी शहीद हॉस्पिटल सुरू केले आणि मजुरांतूनच आरोग्य कार्यकर्ते तयार केले. अनावश्यक इंजेक्शन व सलाईन यांविरुद्ध तेथे प्रचार झाला. नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या करण्यात आली. रुग्णालय राहिले. पुढे बिलासपूर जिल्ह्यात गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगच्या डॉक्टरांनी खेड्यात वापरता येतील अशी कमी खर्चाची तपासणी-साधने तयार केली. अशा संस्थांवर सबंध राज्याचा भार टाकून शासनाने हात झटकावेत असे कोणी सुचवीत नाही. परंतु जे खाणमजुरांच्या वर्गणीतून झाले ते राज्याच्या तिजोरीतून होत नाही, यावर विश्वास कोणी ठेवावा?

मागणी नव्याने शोधून काढण्याची गरज नाही. शासनाच्याच मोफत निदान सेवेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३, सामुदायिक आरोग्य केंद्रात ९७ आणि जिल्हा रुग्णालयात १३४ चाचण्या विनामूल्य असाव्यात असे लिहिले आहे. दुर्गच्या जिल्हा रुग्णालयात, आणि तितक्याच आग्रहाने गडचिरोलीच्या, बीडच्या, सोलापूरच्या जिल्हा रुग्णालयांत, ही यादी दारावर लावलेली आहे काय आणि त्यांतील किती चाचण्या आज, या आठवड्यात होतात, हे स्थानिक शाखांनी लेखी विचारावे. कॅल्प्रोटेक्टिन जिल्हा पातळीवर सुरू करावी. कोलोनोस्कोपी जिल्ह्यात होत नसेल तर सुमारे ४० किलोमीटरवरील रायपूरच्या सरकारी रुग्णालयांत ठराविक दिवशी पाठवण्याची सोय, प्रवासखर्च आणि त्या दिवसाची रोजी यांसह, असावी. विमा योजनेत बाह्यरुग्ण तपासण्यांचा समावेश झाला पाहिजे. पोटदुखीसाठी गर्भाशय किंवा अपेंडिक्स काढण्याच्या प्रत्येक दाव्यासोबत आधी झालेल्या तपासण्यांचे कागद जोडणे सक्तीचे केले पाहिजे.

तोवर कार्यकर्त्याने रोग्याबरोबर जाताना काही गोष्टी सांभाळाव्यात. सर्व कागद तारीखवार एका पिशवीत. वेदनाशामक गोळ्यांचे रिकामे पाकीटही त्यातच. दुर्बिणीच्या तपासणीनंतर छायाचित्रांसह अहवाल मागून घ्यावा, आणि किती तुकडे घेतले व त्यांतील रेणवीय चाचणीसाठी कोठे पाठवले हे त्याच दिवशी विचारावे, कारण सगळे तुकडे फॉर्मेलिनमध्ये गेले की त्यांतून जंतू वाढवता येत नाही. विकृतिशास्त्र प्रयोगशाळेत तुकड्याचा मेणातील ठोकळा जपून ठेवलेला असतो. रोगी रायपूरहून नागपूरला गेला तर तो ठोकळा व काचपट्ट्या अर्ज करून बरोबर न्याव्यात. दुसरा तज्ज्ञ त्यावरूनच पुन्हा पाहू शकतो, आणि निदान त्या कारणासाठी तरी माणसाला दुसऱ्यांदा दुर्बिणीखाली झोपावे लागत नाही.